मध्यरात्रीपासूनचा उपवास : हृदयप्रक्रियांपूर्वीच्या रुग्णतयारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अँजिओग्राफीसाठी येणाऱ्या रुग्णास 'मध्यरात्रीनंतर काहीही खाऊ-पिऊ नका' अशी सूचना दीर्घकाळ दिली जात आली आहे. या सूचनेचा उगम व तिची आजची उपयुक्तता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथेचा उगम :
१९४६ मध्ये न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ गर्भवती स्त्रियांच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भुलेच्या अवस्थेत पोटातील पदार्थ श्वसनमार्गात गेल्याची ६६ उदाहरणे आढळली. या अभ्यासाने शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाच्या नियमास बळ दिले. म्हणजेच या नियमाचा खरा संबंध संपूर्ण भुलेशी होता.

हृदयप्रक्रियांचे निराळे स्वरूप :
हृदयप्रक्रियांची वाटचाल मात्र वेगळी झाली. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी केवळ स्थानिक भूल घेऊन स्वतःच्या हृदयापर्यंत कॅथेटर नेला. १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी जाग्या रुग्णावर पहिली अँजिओप्लास्टी केली. १९८९ मध्ये लुसियन कँपो यांनी मनगटातील धमनीतून अँजिओग्राफी करण्याची पद्धत मांडली. जांघेतून प्रक्रिया केल्यास रुग्णास काही तास पडून राहावे लागे. मनगटाच्या मार्गामुळे तो लवकर चालू लागला आणि त्याच दिवशी घरी जाणे सुलभ झाले. परिणामी, पूर्वतयारीचे स्थान रुग्णालयातून रुग्णाच्या घरात आले. आदल्या रात्री परिचारिका जे पाहत असे, ते आता रुग्ण व त्याचे कुटुंबीय पाहतात.

नियमाची फेरतपासणी :
१९९९ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी व तत्सम पेये घेण्यास मान्यता दिली. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात ७१६ रुग्णांवरील 'स्कॉफ' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयप्रक्रियेपूर्वी उपवास न केल्याने गुंतागुंत वाढत नाही, असे त्यांतून दिसले. उलट उपाशीपोटी नेहमीची औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. शरीरातील पाणी कमी झाल्यास तपासणीतील रंगद्रव्याचा मूत्रपिंडावरील भारही वाढतो.

समारोप :
अर्थात, उपवास किती करावा हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. परंतु तयारीची जबाबदारी रुग्णावर सोपविताना त्यामागील कारणही त्यास सांगितले पाहिजे. काय खावे, कोणती गोळी घ्यावी, कोणती थांबवावी हे त्याच्या भाषेत लिहून देणे हा उपचाराचाच भाग होय. कारण विसरलेला नियम रूढी बनतो आणि रूढीची झळ सर्वप्रथम रुग्णास बसते.