कलम १९(३): सूट संसदेपुढे कधी येते?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे कास्टिंग, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रातला विमानाचा सुटा भाग, निपाणी भागातली साखर: यांतले काय देशाबाहेर जाईल आणि कोणत्या अटीवर, हे विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ या कायद्याखाली ठरते. इराण व उत्तर कोरियाशी व्यापारावरची बंधनेही याच कायद्याखालच्या धोरणात आहेत. बंदी आली की सूटही येते. सूट कशी देता येते हे कलम ३(२) सांगते. तिच्यावर संसदेचे लक्ष कसे राहते हे कलम १९(३) सांगते. विद्यार्थ्या, ही दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाच. मूळ मजकूर इंग्रजी आहे; येथे त्याचा आशय तुकड्यातुकड्याने देतो.

‘आदेशाने किंवा आदेशाखाली केलेल्या अपवादांच्या अधीन राहून’: कलम ३(२)

‘आदेशाने’ म्हणजे अपवाद राजपत्रातल्या आदेशातच लिहिलेला आहे. ‘आदेशाखाली’ म्हणजे आदेशाने अधिकार दिला आणि त्या अधिकारातून पुढे कोणीतरी परवानगी दिली. २४ मे २०२२ चा साखरेचा आदेश घे. १ जूनपासून साखरेची निर्यात ‘मुक्त’ ऐवजी ‘प्रतिबंधित’ झाली. युरोपीय संघ व अमेरिकेला ठरावीक कोट्यात जाणारी साखर मात्र आदेशातच वगळली होती. हा पहिला प्रकार. बाकीच्यांना साखर संचालनालयाची परवानगी लागली. हा दुसरा. कारखानदाराच्या दृष्टीने दोन्हींचे फळ एकच. संसदेच्या दृष्टीने दोन्हींत मोठा भेद आहे. तो पुढच्या तुकड्यात कळतो.

‘केंद्र सरकारने केलेला प्रत्येक नियम व प्रत्येक आदेश’: कलम १९(३)

‘प्रत्येक’ या शब्दामुळे सरकारला निवड उरत नाही. लहान आदेश असो वा मोठा, तो ठेवायचाच. पण ‘आदेश’ म्हणजे काय? एक वाचन असे: या कायद्याखाली निघालेला कोणताही हुकूम. दुसरे असे: कलम ३ मध्ये ज्याला आदेश म्हटले आहे तोच, म्हणजे केंद्र सरकारने केलेला व राजपत्रात प्रसिद्ध झालेला. दुसरे वाचन धरावे, कारण कलम ३(२) ने आदेशाला राजपत्राशी बांधले आहे. याचा अर्थ, विदेश व्यापार महासंचालकांनी एखाद्या उत्पादकाला खऱ्या अडचणीच्या कारणावरून दिलेली सवलत या कलमाने सभागृहापुढे येत नाही. आदेशातला अपवाद येतो. आदेशाखालचा येत नाही.

‘केल्यानंतर शक्य तितक्या लवकर, प्रत्येक सभागृहापुढे ठेवला जाईल’

‘ठेवणे’ म्हणजे पटलावर मांडणे. मांडला म्हणजे चर्चा झाली असे नव्हे. मांडलाच नाही तर? अ‍ॅटलस सायकल इंडस्ट्रीज विरुद्ध हरियाणा राज्य (१९७९) या खटल्यात, जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखालचा आदेश पटलावर न ठेवल्याने रद्दबातल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तिथे नुसते मांडणे होते. इथे आदेश रद्द करण्याची सोयही आहे, हा फरक ध्यानात ठेव. तरी इथेही आदेश निघताच लागू होतो. म्हणून निष्कर्ष बहुधा तोच राहील.

‘अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस, एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून’

याचा अर्थ, अधिवेशन नसलेले दिवस मोजायचे नाहीत. साखरेचाच हिशेब कर. २०२२ चे पावसाळी अधिवेशन १८ जुलै ते ८ ऑगस्ट चालले. आदेश पहिल्याच दिवशी मांडला असे धरले तरी २२ दिवस होतात. उरलेले ८ दिवस ७ डिसेंबरपासूनच्या हिवाळी अधिवेशनात भरतात. शिवाय, त्यापुढचे अधिवेशन संपेपर्यंत बदल सुचवता येतो. म्हणजे मुदत ६ एप्रिल २०२३ पर्यंत जाते. मूळ आदेशाची मुदत मात्र ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंतच होती; नंतर ती वाढवली गेली. याचा अर्थ, संसदेचे ३० दिवस भरण्याआधीच आदेशाचे ठरलेले आयुष्य सरले होते.

‘दोन्ही सभागृहांचे एकमत झाल्यास, तो बदललेल्या रूपातच लागू होईल किंवा निष्प्रभ होईल’

‘दोन्ही’ म्हणजे एकट्या लोकसभेचा ठराव पुरत नाही. आदेश टिकायला होकार लागत नाही. तो पाडायला मात्र दोघांचा नकार लागतो. याचा अर्थ, संसदेचे मौन संमती ठरते. हे मौन मोडण्याचे काम अधीनस्थ विधान समितीचे. लोकसभेच्या या समितीत १५ सदस्य असतात आणि मंत्री नसतो. आदेशाने मूळ कायद्याची मर्यादा ओलांडली का, हे ती तपासते.

‘मात्र आधी केलेल्या कृतीच्या वैधतेला बाध न येता’

म्हणजे आदेश रद्द झाला तरी त्याखाली गेलेला माल बेकायदा ठरत नाही. हे उत्पादकाचे संरक्षण आहे आणि ते न्याय्य आहे. सरकारच्या शब्दावर भरवसा ठेवून ज्याने माल पाठवला, त्याला मागाहून दोषी धरता येत नाही. याच ओळीची दुसरी बाजूही पाहा. चुकीच्या सुटीने कोणाला लाभ झाला असेल, तर तोही परत घेता येत नाही. म्हणून उशिरा झालेली तपासणी पुढच्या आदेशालाच वळण लावू शकते.

सारांश असा. हे कलम संसदेला तपासण्याचा अधिकार देते. तपासलेच पाहिजे असे बंधन घालत नाही. आदेशाखालची वैयक्तिक सूट तर त्याच्या कक्षेतच येत नाही. ती उजेडात आणायला खासदाराचा प्रश्न लागतो. निपाणी चिकोडी लोकसभा मतदारसंघात आहे. बेळगावला स्वतःचा मतदारसंघ आहे. इथल्या उत्पादकांनी सूट मागताना अर्जाची एक प्रत आपल्या खासदारालाही द्यावी, आणि खासदाराने अशा सवलती कोणाला व कोणत्या कारणाने मिळाल्या हे दर अधिवेशनात विचारावे.