फोन आला की नेट का जायचं?
रत्नागिरीत कॉलेजला असताना आईचा फोन आला की माझं डाउनलोड थांबायचं. चिडचिड व्हायची. कारण इंजिनिअर झाल्यावर कळलं.

टूजीत एका वाहिनीवर आठ जणांना आळीपाळीने वेळ मिळे. कॉल सुरू असताना बहुतेक फोनना नेट सांभाळता येत नसे. थ्रीजीत दोन्ही एकत्र चालू लागलं. फोरजी मात्र डेटासाठीच बांधलेलं. आवाजाला राखीव जागाच नाही. म्हणून कॉल आला की फोन गुपचूप खाली, जुन्या नेटवर्कवर उतरायचा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, तेही टूजी-थ्रीजीशिवाय. तिथे आवाजसुद्धा डेटा म्हणूनच जातो.

गावी आजीकडे अजून बटणांचा टूजी फोन आहे. जुनं नेटवर्क बंद करा म्हणणं सोपं आहे. पण तिची हाक त्यावरूनच येते.