आईचं नाव 'अवैध' कसं ठरलं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक नोंदणीचा फॉर्म बनवला होता. तो नीट चालतोय का बघायला लिंक घरी पाठवली. आईच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो. तिने नाव टाइप केलं, 'शांता'. खाली लाल अक्षरांत उत्तर आलं, 'कृपया वैध नाव टाका'. तिने तीनदा टाकून पाहिलं आणि मला फोन केला, "अरे, माझं काहीतरी चुकतंय बघ."

चुकलं माझं होतं. नाव तपासायला मी एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं होतं आणि त्यात एक कॅरेक्टर क्लास होता. म्हणजे चौकटी कंसात लिहिलेली परवानगीची यादी: इथे कॅपिटल 'ए' ते 'झेड' किंवा स्मॉल 'ए' ते 'झेड' यांपैकीच अक्षर चालेल. कॉलेजात सगळे हेच शिकतात. मीही पाठ केलं होतं. ही यादी आली कुठून, हा प्रश्न मात्र पडला नव्हता.

गोष्ट सुरू होते मेंदूपासून. १९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचं गणिती मॉडेल मांडलं. असं जाळं कुठले नमुने ओळखू शकतं, हे स्टीफन क्लेनी या गणितज्ञाने १९५१ मध्ये शोधलं आणि त्यासाठी एक लेखनपद्धती तयार केली. तीच रेग्युलर एक्स्प्रेशन. १९६८ मध्ये बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन यांनी ती वापरून मजकुरात शोध घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे युनिक्समधल्या 'ईडी' एडिटरमध्ये आणि 'ग्रेप'मध्ये ती आली, चौकटी कंसांसकट.

आता त्या कंसातल्या 'ते'कडे बघा. कॉम्प्युटरला बाराखडी येत नाही, त्याला आकडे कळतात. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की हे मानक ठरलं. त्यात जागा फक्त १२८. कॅपिटल अक्षरांना ६५ ते ९० हे क्रमांक मिळाले, नंतर आलेल्या स्मॉल अक्षरांना ९७ ते १२२. म्हणून 'ए ते झेड'चा खरा अर्थ एवढाच, की क्रमांक या दोन आकड्यांच्या मध्ये आहे का. कंटाळा करून कॅपिटल 'ए' ते स्मॉल 'झेड' अशी एकच रेंज लिहिली, तर मधली सहा चिन्हंही आत शिरतात. अंडरस्कोर हे त्यातलंच एक.

त्या १२८ जागांत देवनागरी नव्हतीच. ती १९९१ च्या युनिकोडमध्ये आली, भारताच्या इस्की मानकातली मांडणी घेऊन.

मग मी सोपा उपाय केला. कंसात लिहिलं [अ-ह]. वाटलं, झालं काम. आईचं नाव पुन्हा अडकलं.

कारण पुन्हा क्रमांकच. युनिकोडमध्ये 'अ' २३०९ वर आहे आणि 'ह' २३६१ वर. अनुस्वार २३०६ वर, म्हणजे 'अ'च्याही आधी. काना २३६६ वर, 'ह'च्या नंतर. 'शांता'मधले श आणि त आत आले. दोन काने आणि एक अनुस्वार दाराबाहेर राहिले. गंमत म्हणजे आपल्या मुळाक्षरांत 'ह'नंतर येणारा 'ळ' तिथे 'ल'च्या लगेच पुढे बसलाय, त्यामुळे तो आत आला.

मग कळलं, की युनिकोड प्रत्येक चिन्हाचा प्रकारही नोंदवून ठेवतं: हे अक्षर, ही जोडखूण, हा अंक. रेंजऐवजी प्रकार विचारता येतो. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय २०१८ मध्ये आली. तिथेही एक खाच आहे. नुसतं 'कुठलंही अक्षर' म्हटलं, तर आपला काना बाहेर राहतो, कारण युनिकोडच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण ही अक्षरं नसून जोडखुणा आहेत. 'अक्षर किंवा जोडखूण' असं दोन्ही लिहावं लागतं. शिवाय नावात स्पेस असते, आडनावाआधी टिंब असतं, वसई-गोव्याच्या डि'सोझांना ॲपॉस्ट्रॉफी लागते.

कॅरेक्टर क्लास पिनकोडसाठी उत्तम आहे. सहा अंक, पहिला शून्य नाही, विषय संपला. टपाल खात्याने ते तसं ठरवलेलंच आहे. नाव कसं असावं हे मात्र कुणी ठरवलेलं नाही, आणि ते ठरवण्याचं काम मी नकळत अंगावर घेतलं होतं.

शेवटी दोन बदल केले. तपासणी सैल केली. आणि लाल अक्षरांतलं वाक्य बदललं: 'हे नाव आमच्या फॉर्मला वाचता आलं नाही.' आईला लिंक पुन्हा पाठवली. तिचं नाव पहिल्या फटक्यात गेलं. ते नवं वाक्य तिला दिसलंच नाही, पण पुढच्या कुणाला दिसलं, तर निदान स्वतःचं चुकलं असं वाटणार नाही.