पाटी, पडदा आणि कडी : कपडे बदलण्याच्या खोलीचा इतिहास

#थ्रेड

१/
१९ एप्रिल २०१६. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने जाहीर केले की पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, ग्राहकांनी व कर्मचाऱ्यांनी आपल्या लिंगभावाशी जुळणारे स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली वापरावी. ‘अमेरिकन फॅमिली असोसिएशन’ या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेने बहिष्काराची हाक दिली. दोन आठवड्यांच्या आत तिच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

२/
महिनाभर आधीच, २३ मार्चला, नॉर्थ कॅरोलिना राज्याने शासकीय इमारतींतील स्वच्छतागृहे जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच वापरण्याची सक्ती करणारा कायदा केला होता. त्यामुळे हा वाद निव्वळ त्या वर्षीच्या राजकारणाचा भाग म्हणून वाचला गेला. परंतु दुकानातील या खोलीला स्वतःचा इतिहास आहे, आणि तो पाहिल्याशिवाय सह्या करणाऱ्यांचा आक्षेपही कळत नाही आणि दुकानदाराचे उत्तरही.

३/
मुळात ही खोली फार जुनी नाही. कपडा अंगाच्या मापाने शिवला जात असे तोवर तिची गरज नव्हती. शिंपी माप घेई आणि अर्धवट शिवलेला कपडा अंगावर चढवून पाही. (आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात यालाच ‘ट्रायल’ म्हणतात.) अॅरिस्टिड बुसिको १८५२मध्ये पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’त भागीदार झाला. ठरावीक किंमत, मुक्त प्रवेश आणि माल परत करण्याची मुभा ही त्याच्या दुकानाची ओळख बनली. अनोळखी गर्दी कपड्यांपर्यंत पोहोचली ती अशा दुकानांतून.

४/
तयार कपड्यांबरोबर एक नवी अडचण आली : मापांचा मेळ बसेना. १९३९-४० साली अमेरिकेच्या कृषी खात्याने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्याकडून सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली. त्यांवर आधारलेले अधिकृत प्रमाण यायला १९५८ उजाडले, आणि तेही ऐच्छिक. कपडा अंगावर घालून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रश्न एवढाच : कुठे, आणि कुणासमोर?

५/
फ्रीडा लोमन यांनी १९२१मध्ये ब्रुकलिन येथे सुरू केलेल्या ‘लोमन्स’ या दुकानाचे उत्तर विलक्षण होते. नामांकित शिवणघरांचा उरलेला माल स्वस्तात विकायचा, आणि तो घालून पाहण्यासाठी एकच मोठी सामायिक खोली. पडदे नाहीत, फळ्या नाहीत; चहूकडे आरसे. अनोळखी बायका एकमेकींना ‘हा रंग नको’ असे बेधडक सांगत. नवरे बाहेर खुर्च्यांवर ताटकळत. विनोदी लेखिका अर्मा बॉम्बेक यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकाच्या नावातच ही खोली आणली. प्राण्यांच्या वर्तनाविषयीचे सारे ज्ञान आपल्याला तिथेच मिळाले, असा त्या शीर्षकाचा आशय.

६/
बॉस्टनमधील ‘फाइलीन्स बेसमेंट’ने तर तेवढीही सोय केली नाही. बारा दिवसांत न खपलेल्या मालाची किंमत पाव हिश्शाने उतरे, पुढे आणखी, आणि तीस दिवसांनी उरलेला माल दानात जाई. या घाईत बायका मालाच्या रांगांमधील बोळांतच अंगावरच्या कपड्यांवरून नवा कपडा चढवत; काही धीट बायका अंगावरचा उतरवूनही ठेवत. १९९०च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत हे असेच चालले.

७/
लंडनमध्ये १९६४ साली बार्बरा हुलानिकी यांनी ‘बिबा’ उघडले. तिथेही सामायिक खोली होती, पण काटकसरीसाठी नव्हे, तरुणाईच्या मोकळेपणाची खूण म्हणून.

८/
या खोल्यांत आडोसा नव्हता, तरीही त्या चालल्या. कारण दारापाशी एक अदृश्य भिंत होती : ‘फक्त स्त्रियांसाठी’. संरक्षणाचा सगळा भार त्या पाटीवर आणि दाराशी उभ्या कर्मचारी बाईवर होता. संकोच मात्र तेव्हाही होताच. परक्या बायकांसमोर उघडे होणे अनेकींना नकोसे वाटे. पुढे ‘लोमन्स’लाही स्वतंत्र खोल्या द्याव्या लागल्या.

९/
स्वतंत्र कप्पे सर्वत्र आले आणि हिशेब बदलला. प्रत्येकीला आपला पडदा किंवा दार असेल तर बाहेरची पाटी कशाला, असे दुकानांना वाटू लागले. दोन रांगांऐवजी एक रांग म्हणजे जागा कमी आणि दाराशी माणूसही एकच. समतेच्या भाषेखाली हा व्यापारी हिशेबही होता, हे नजरेआड करू नये.

१०/
नोव्हेंबर २०१७मध्ये मँचेस्टरच्या ‘टॉपशॉप’मध्ये एका पारलिंगी कलाकाराला स्त्रियांच्या खोलीतून परत पाठवल्याची तक्रार झाली. त्यानंतर कोणत्याही ग्राहकाने कोणतीही खोली वापरावी, असे दुकानाने सांगितले. परत पाठवले जाण्यातला चारचौघांतला अपमान खरा होता. पण ‘टॉपशॉप’ हे किशोरवयीन मुलींचे दुकान; त्यांच्या आयांचा प्रश्नही खरा होता : पडद्याला फट राहिली तर पलीकडे कोण असेल?

११/
ही भीती केवळ कल्पनेतली नव्हती. चोरून पाहणे हा इंग्लंडमध्ये २००३च्या लैंगिक अपराध कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला. भारतात २०१३च्या दुरुस्तीने. इंग्लंडच्या कायद्यात पीडित व आरोपी यांच्या लिंगाची अट नाही. २०१३च्या त्या भारतीय कलमात पीडित स्त्री आणि आरोपी पुरुष अशी रचना होती. जमिनीपासून वीतभर वर संपणारी फळी आणि खिशातला मोबाइल एकत्र आले की दारावरची पाटी पुरत नाही. मात्र पाटी काढून फळी तशीच ठेवली, तर ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. दुकानांनी नेमके हेच केले. आक्षेप घेणाऱ्यांतही सगळे एका मताचे नव्हते : कुणाला पारलिंगी व्यक्तींचे अस्तित्वच अमान्य होते, कुणाला फक्त नीट लागणारे दार हवे होते.

१२/
ब्रिटनमध्ये पाटीचा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ या शब्दांचा अर्थ जैविक लिंग असा लावला. त्याच वेळी पारलिंगी व्यक्तींना भेदभावापासून असलेले संरक्षण कायम असल्याचेही न्यायालयाने नमूद केले.

१३/
आणि ‘टार्गेट’? धोरण मागे घेतले नाही. ऑगस्ट २०१६मध्ये कंपनीने २ कोटी डॉलर खर्चून, जिथे नव्हते त्या प्रत्येक दुकानात एका वेळी एकानेच वापरायचे स्वच्छतागृह बांधण्याचे जाहीर केले. त्याच्या दाराला आतून कडी होती.