उरलेले भ्रूण आणि एक सही

रमजानच्या आधी माझी मावसबहीण वरवंडला आमच्या घरी आली. हातात पुण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्राचा चार पानी इंग्रजी फॉर्म होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला आयव्हीएफने मुलगा झाला, तो आता पहिलीत आहे. त्या वेळी तयार झालेले दोन भ्रूण अजून त्या केंद्रात गोठवून ठेवलेले आहेत आणि दरवर्षी ते ठेवण्याचे पैसे भरावे लागतात. फॉर्मवर तीन चौकटी होत्या: आणखी काही वर्षं ठेवा, नष्ट होऊ द्या, संशोधनासाठी द्या. ती म्हणाली, "भाईजान, किधर सही करूं? उनो बोले जल्दी भर के देव."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण 'संशोधनासाठी' या एका शब्दाच्या पोटात काय आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते शोधताना जो इतिहास हाती आला, तो मुख्यतः आपल्या मुंबईतला निघाला. म्हणून इथे मांडतो.

गोठवणं ही गोष्ट आमच्या गावाला नवी नाही. दौंड तालुक्यात दुभती गाय असलेल्या घरी मोटारसायकलवर नायट्रोजनचा कॅन बांधून येणारा माणूस सगळ्यांना ठाऊक आहे. झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो आणि आत उणे १९६ अंश तापमानात संकरित वळूचं वीर्य असतं. आमच्याच सोलापूर रस्त्यावरच्या उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि गाय भरवण्याची ही पद्धत घरोघर नेली. माझ्या बहिणीचे दोन भ्रूण अशाच द्रवरूप नायट्रोजनमध्ये आहेत. फरक इतकाच, की गाईच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न येत नाही.

माणसाच्या बाबतीत ही गोष्ट १९७८ सालची. इंग्लंडमध्ये जुलैमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं आणि त्यानंतर सत्तर दिवसांच्या आत कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांचं काम मानलं नाही आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा केईएमच्या, तर डॉ. टी. सी. आनंद कुमार परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे. महापालिकेचं रुग्णालय आणि सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून केलेलं हे काम होतं. परळची ही संस्था लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

आयव्हीएफमध्ये एकच बीज घेऊन भागत नाही. औषधं देऊन अनेक बीजं मिळवतात, त्यांचे भ्रूण करतात, एक-दोन गर्भाशयात सोडतात आणि बाकीचे गोठवतात. म्हणजे 'उरलेले भ्रूण' ही या उपचारातून आपोआप तयार होणारी गोष्ट आहे. आयव्हीएफ येण्याआधी हा प्रश्नच नव्हता.

पाच-सहा दिवसांचा भ्रूण टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान असतो. त्यात शे-दोनशे पेशी असतात. बाहेरच्या थरातून पुढे वार होते आणि आतल्या पुंजक्यातून बाळाचं शरीर. त्या आतल्या पेशी अजून काहीच ठरवून बसलेल्या नसतात. हृदय, हाड, मज्जातंतू, त्यांच्यातून काहीही होऊ शकतं. त्यांना मूळपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. या पेशी काढून बशीत दुसऱ्या आधार देणाऱ्या पेशींच्या थरावर वाढवल्या आणि त्या आपलं मूळपण न सोडता पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिल्या, की त्या वंशाला 'सेल लाइन' म्हणतात. एका भ्रूणापासून निघालेली लाइन वर्षानुवर्षं चालते आणि जगभर वाटली जाऊ शकते. पण ती काढताना तो भ्रूण संपतो. सगळा वाद इथेच आहे.

उंदरांमध्ये हे १९८१ साली जमलं. माणसात ते नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी करून दाखवलं, तेही आयव्हीएफमधून उरलेल्या आणि जोडप्यांनी संमतीने दिलेल्या भ्रूणांपासून. या संमतीचं महत्त्व कळायला मागे जावं लागतं. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या. त्यांची 'हेला' लाइन आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिच्या मुलाबाळांना हे कळायला वीसेक वर्षं लागली.

आता मुंबईकडे येऊ. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं, की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या लाइनवरच्या संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल, नव्या लाइनसाठी भ्रूण संपवायला नाही. अटी होत्या: भ्रूण उपचारातून उरलेला असावा, जोडप्याची संमती असावी आणि पैशाचं आमिष नसावं. महिनाअखेरीस अमेरिकन आरोग्य संस्थेने जी यादी दिली, तिच्यात जगातल्या १० संस्थांच्या ६४ लाइन होत्या. त्यातल्या १० भारतातल्या निघाल्या: ७ मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि ३ बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या. मुंबईतल्या या कामाच्या पुढे डॉ. फिरुझा पारीख होत्या. जसलोक रुग्णालयातल्या वंध्यत्व उपचारांसाठी त्यांचं नाव आधीच झालेलं होतं.

त्या वेळी आपल्याकडे खास मूळपेशींसाठी नियमावली नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०००ची सर्वसाधारण नैतिक मार्गदर्शक तत्त्वं होती, पण तो कायदा नव्हता. शिवाय यादीत नाव असणं वेगळं आणि उपयोगाची लाइन हातात असणं वेगळं. पुढच्या वर्षांत त्या अमेरिकन यादीतल्या जेमतेम २१-२२ लाइनच संशोधकांपर्यंत पोचल्या. भारतातली एकही त्यात नव्हती.

खरं काम त्यानंतर शांतपणे झालं. २००६ साली रिलायन्सच्या शास्त्रज्ञांनी एका नव्या लाइनचं सविस्तर वर्णन शोधपत्रिकेत छापलं. २००९ साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राच्या दोन लाइन आल्या. त्याच वर्षी परळच्या त्या जुन्या संस्थेतून, आता तिचं नाव राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था झालं होतं, 'काइंड-१' आणि 'काइंड-२' या दोन लाइन निघाल्या. डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने त्या उंदराच्या नव्हे, तर संस्थेतच तयार केलेल्या मानवी पेशींच्या आधारथरावर वाढवल्या. उंदराच्या पेशींचा स्पर्श झालेली लाइन पुढे माणसाच्या शरीरात वापरणं धोक्याचं, म्हणून याला महत्त्व. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एक नाव इंदिरा हिंदुजा यांचं आहे. १९८६ साली ज्या परळमध्ये हर्षा जन्मली, तिथेच तेवीस वर्षांनी उरलेल्या भ्रूणांपासून लाइन तयार झाल्या.

मग उपचाराचं काय? लोकांची गल्लत इथेच होते आणि तिचा धंदाही होतो. २००७ साली आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, तिच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ साली सुधारणा करताना 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढून टाकला. कारण स्टेम सेलच्या नावाखाली सेरेब्रल पाल्सीपासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करून देऊ, अशा जाहिराती देशभर सुरू झाल्या होत्या. २०१७च्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे: रक्ताच्या काही आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर असा वापर अनैतिक आहे. आमच्या भागातल्या एका बापाने आपल्या अपंग मुलासाठी शहरातल्या एका दवाखान्यात अशी इंजेक्शनं घेतली आणि त्यासाठी उसाचं अर्धा एकर रान विकलं. मुलगा आजही चालत नाही. त्याच्या पावतीवर 'स्टेम सेल' एवढंच लिहिलेलं आहे, कोणाच्या पेशी आणि कुठून आणल्या, काही नाही.

खऱ्या उपचाराची चाल हळू असते. १९९८ला पहिली लाइन निघाली, माणसावर पहिली चाचणी २०१०ला झाली आणि पुढच्याच वर्षी ती कंपनीने थांबवली. २०२५ साली टाइप-१ मधुमेहाच्या १२ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. मूळपेशींपासून तयार केलेल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिल्यावर त्यातल्या १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. म्हणजे सत्तावीस वर्षांनी बारा माणसं. ही आशा खरी आहे, पण ती पावती फाडून विकत मिळत नाही.

बहिणीचा पुढचा प्रश्न आपल्या सगळ्यांचा होता: "ये गुनाह तो नई ना?" मी मुफ्ती नाही, जे वाचलं ते सांगितलं. कुरआनच्या सूरह मुमिनूनमध्ये गर्भाच्या वाढीचे टप्पे सांगितले आहेत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसच्या आधारे बहुतेक फकीह १२० दिवसांनी रूह फुंकली जाते असं मानतात, काही जण ४० दिवस धरतात. इथे प्रश्न पाच दिवसांचा आहे. २००३ साली मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने आयव्हीएफमधून उरलेले आणि आईबापांनी रजामंदीने दिलेले भ्रूण मूळपेशींसाठी वापरायला मुभा दिली. त्यासाठी मुद्दाम भ्रूण तयार करणं आणि मुद्दाम गर्भपात करणं मात्र नाकारलं. त्याच वर्षी तेहरानच्या रोयान संस्थेने इराणची पहिली लाइन काढली. कॅथलिक चर्च फलनापासूनच पूर्ण जीव मानतं, म्हणून त्याचा विरोध आहे. आणि ज्यांना चाळीस दिवसांआधीही त्या जिवाचा मान वाटतो, असे आपल्यातलेही लोक आहेत. त्यांना अडाणी म्हणायचं कारण नाही.

आता कायदा आला आहे. २०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. त्याची विक्री हा गुन्हा आहे. मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रयोगशाळेत तो १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही.

मी त्या फॉर्मचा मराठीत तर्जुमा केला आणि खाली सहा प्रश्न लिहिले: कोणती संस्था, कशासाठी, आमचं नाव कळेल का, नंतर 'नको' म्हणता येईल का, त्यातून कोणी पैसे कमावले तर काय, नाही म्हटलं तर पुढच्या उपचारात अडचण येईल का. दोघं नवरा-बायको तो कागद घेऊन गेले. आधी तिथल्या बाई कंटाळल्या, मग दुसऱ्या एका डॉक्टर मॅडमनी पाऊण तास बसून उत्तरं दिली.

परत आल्यावर तिने सांगितलं, की त्यांनी 'नष्ट होऊ द्या' या चौकटीत खूण केली. मी असतो तर संशोधनाच्या चौकटीत केली असती आणि ते मी तिला आधीच बोललो होतो. तिने ऐकून घेतलं होतं, विचार केला आणि नाही म्हटलं. सही दोघांची होती, आणि ती करण्याआधी त्या कागदावर काय लिहिलंय हे दोघांनाही माहीत होतं. मराठी तर्जुमा मी जपून ठेवला आहे. आपल्या ओळखीत कोणाच्या हातात असा फॉर्म आला, तर सही करण्याआधी मला कळवा.