बुडालेल्याला हात कोणी लावायचा?

नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅम हे कालव्यांचे शहर. अठराव्या शतकात या कालव्यांत पडून दरवर्षी अनेक माणसे मरत. बुडालेला माणूस पाण्याबाहेर काढला जाई, पण त्यानंतर काय करायचे हा प्रश्न उभा राही. निपचित पडलेल्या देहाला सरकारी माणसाने पाहण्याआधी हलवले, तर आपल्यावरच आळ येईल अशी लोकांना धास्ती होती. खानावळवाले आणि घरमालक तर असा देह दारातसुद्धा घेऊ देत नसत. तेवढ्यात, ज्याच्यात थोडी धुगधुगी शिल्लक असेल तोही संपून जाई.

१७६७ साली या शहरातील काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन केली. बुडालेल्या माणसावर कोणते उपचार करावेत याची माहितीपत्रके तिने छापून वाटली. जो कोणी अनोळखी माणसाला वाचवील त्याला सोन्याचे पदक किंवा सहा डुकाट (तेव्हाचे सोन्याचे नाणे) देण्याचे जाहीर केले. ज्याच्या घरात उपचार होतील त्याचा खर्चही भरून देण्याची व्यवस्था केली. पहिल्या चार वर्षांत दीडशे माणसे वाचल्याचा संस्थेचा दावा होता.

या संस्थेने एकाच वेळी तीन गोष्टींना हात घातला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. काय करायचे याचे ज्ञान लोकांना दिले, साध्या माणसाला जमेल अशी पद्धत सुचवली आणि मदत करणाऱ्याच्या मनातील भीती कमी केली. त्यानंतरची अडीचशे वर्षे या तीन गोष्टींचाच पाठपुरावा चालू आहे. शिक्षकांनी ही हकिगत मुलांना सांगावी असे आम्हाला वाटते, कारण तिच्यात विज्ञान कसे पुढे जाते, आणि कधीकधी कसे मागेही जाते, हे स्पष्ट दिसते.

तंबाखूचा धूर आणि भाता

अ‍ॅमस्टरडॅमच्या पत्रकात कोणते उपाय होते? बुडालेल्याला ऊब द्यावी, डोके खाली करून पोटावर दाब द्यावा, घशात पिसाने गुदगुल्या कराव्यात, तोंडाने किंवा भात्याने छातीत हवा भरावी, रक्त काढावे आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडावा! धुरामुळे शरीराला चेतना मिळते अशी त्या काळची समजूत होती.

१७७४ साली विल्यम हॉज आणि टॉमस कोगन या दोन डॉक्टरांनी लंडनमध्ये अशीच संस्था काढली. दोघांनी आपापले पंधरा मित्र आणले आणि एका कॉफीगृहात बत्तीस जणांची सभा भरली. हीच पुढे 'रॉयल ह्युमेन सोसायटी' म्हणून प्रसिद्ध झाली. प्रयत्न करणाऱ्याला दोन गिनी, माणूस वाचला तर चार गिनी आणि घरात जागा देणाऱ्याला एक गिनी असे तिचे बक्षीस होते. थोड्याच दिवसांत काही चलाख मंडळी खोटेच बुडू लागली आणि त्यांचे साथीदार त्यांना 'वाचवू' लागले, तेव्हा रोख रकमेऐवजी पदके देण्याकडे संस्था वळली.

आज या यादीतील ऊब आणि हवा हे दोनच उपाय टिकून आहेत. १८११ साली बेंजामिन ब्रोडी यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तंबाखू हृदयाला घातक असल्याचे दाखवले आणि धुराचा उपाय हळूहळू मागे पडला. आपल्याकडे मात्र बुडालेल्याला उलटे धरून पोटातले पाणी काढण्याची, फेफरे आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या लोकांना हसण्यापूर्वी आपण हे आठवलेले बरे.

'शिळ्या' हवेचे कोडे

तोंडाने श्वास देण्याची युक्ती त्याहूनही जुनी आहे. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाच्या तोंडात सुइणी फुंकर मारत असत. वैद्यकाच्या लिखाणात तिची ठळक नोंद झाली ती स्कॉटलंडमध्ये. ३ डिसेंबर १७३२ रोजी अ‍ॅलोआ येथील कोळशाच्या खाणीतून धुराने गुदमरलेला एक कामगार बाहेर काढण्यात आला. त्याची नाडी लागत नव्हती, श्वास बंद होता. विल्यम टोसॅक या शल्यवैद्याने त्याच्या नाकपुड्या दाबून तोंडाला तोंड लावले आणि जोराने हवा फुंकली. कामगाराची छाती वर आली आणि हृदयाचे सहा-सात ठोके टोसॅकच्या हाताला जाणवले. चार तासांनी तो माणूस चालत घरी गेला आणि चार दिवसांत कामावर रुजू झाला.

टोसॅकने ही हकिगत १७४४ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी जॉन फॉदरगिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तिचे महत्त्व मांडले. त्यांचा मुद्दा साधा होता. भाता प्रत्येक वेळी जवळ असतोच असे नाही, पण माणसाची फुफ्फुसे असतात. शिवाय एक माणूस जितक्या जोराने फुंकू शकतो तितका जोर दुसऱ्याची छाती सहन करू शकते.

एवढी चांगली पद्धत मागे का पडली? कारण मोठे गमतीचे आहे. १७७० च्या दशकात शील, प्रीस्टली आणि लव्हाझिए यांच्या संशोधनातून ऑक्सिजनची ओळख झाली. श्वासात ऑक्सिजन वापरला जातो हे समजल्यावर विद्वानांनी असा तर्क केला की, उच्छ्वासाची हवा म्हणजे वापरून टाकलेली, निरुपयोगी हवा. ती दुसऱ्याला देऊन काय उपयोग? तर्क बिनचूक वाटतो, पण त्यात मोजमाप नाही.

मोजमाप केले तर काय दिसते? आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. बाहेर सोडतो त्या हवेत सुमारे १६ ते १७ टक्के असतो. म्हणजे शरीर एका श्वासात मिळालेल्या ऑक्सिजनपैकी पाव हिस्सासुद्धा वापरत नाही. उरलेला ऑक्सिजन दुसऱ्याचा जीव तगवायला पुरेसा असतो. नवे, खरे ज्ञान मिळाल्यामुळे एक उपयुक्त पद्धत दीडशे वर्षांहून अधिक काळ अडगळीत पडली, ती या न केलेल्या गणितामुळे.

दरम्यान हात-पाय हलवण्याच्या आणि पाठ दाबण्याच्या पद्धती आल्या. मार्शल हॉल (१८५६), सिल्व्हेस्टर (१८५८), शेफर (१९०३) आणि होल्गर नील्सन (१९३२) ही नावे स्काउटच्या आणि प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत सापडतात. रुग्णाला पालथे घालायचे, पाठ दाबायची, दंड उचलायचे, अशा त्या कसरती होत्या.

१९५० च्या दशकात जेम्स एलम या अमेरिकन भूलतज्ज्ञाने उच्छ्वासाच्या हवेवर माणसाच्या रक्तातील ऑक्सिजन टिकून राहतो हे मोजून दाखवले. त्यांच्या कामाने प्रभावित झालेल्या पीटर सफार यांनी बाल्टिमोरमध्ये धाडसी प्रयोग केले. डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून पुढे आले. त्यांना गुंगीचे आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊन त्यांचा श्वास थांबवण्यात आला, आणि त्यांना श्वास देण्याचे काम वैद्यक न शिकलेल्या साध्या माणसांकडे सोपवण्यात आले. तोंडाने दिलेला श्वास पाठ दाबण्याच्या पद्धतींपेक्षा कितीतरी सरस ठरला. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, आणि डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की वाट मोकळी होते, हेही या कामातून ठसले. पालथ्या माणसाची पाठ दाबून हवा नीट आत का जात नव्हती, याचा उलगडा झाला.

विजेच्या इंजिनिअरची देणगी

श्वासाचा प्रश्न सुटला, पण हृदय थांबले तर? तोपर्यंत छाती उघडून हृदय हाताने दाबणे हाच मार्ग होता आणि तो फक्त शस्त्रक्रियागृहात शक्य होता. जर्मनीतील फ्रीडरिख मास यांनी १८९०च्या सुमारास छाती बाहेरून दाबून रुग्णांना वाचवल्याचे लिहिले होते, परंतु ते विस्मरणात गेले.

ही गोष्ट पुन्हा सापडली ती एका विजेच्या इंजिनिअरच्या प्रयोगशाळेत. तारांवर काम करणारे लाइनमन विजेच्या धक्क्याने मरत, म्हणून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोवेन विजेचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासत होते. १९५८ साली त्यांचा तरुण सहकारी गाय निकरबॉकर कुत्र्यावर प्रयोग करीत असताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. धक्का देण्यासाठी जड धातूच्या चकत्या छातीवर दाबल्या की, धक्का देण्यापूर्वीच कुत्र्याचा रक्तदाब किंचित वाढे. म्हणजे नुसत्या दाबाने रक्त पुढे सरकत होते! शल्यविशारद जेम्स जूड यांच्यासह या दोघांनी १९६० साली वीस रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा वाचले होते. या कामाला कुठेही, कोणाचेही दोन हात पुरतात, असे त्यांचे सांगणे होते.

त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे आस्मुंड लेरडाल यांनी सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. आता ही विद्या साध्या माणसांना शिकवण्याची सोय झाली. १९७२ पासून अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने सामान्य नागरिकांना मोठ्या संख्येने हे शिक्षण द्यायला सुरुवात केली.

घाई एवढी का? हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. शहरातसुद्धा रुग्णवाहिका इतक्या लवकर पोहोचणे कठीण. ती पहिली काही मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचीच असतात, आणि तो बहुधा अनोळखी असतो.

आळ येण्याची भीती

आता तिसरी गोष्ट. ज्ञान आहे, पद्धत आहे, पण पोलीस, पंचनामा आणि कोर्टाच्या फेऱ्या यांची धास्ती असेल तर हात पुढे येत नाही. भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात, बेशुद्ध माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला ती संहिता लागू झाल्यापासून, म्हणजे १८६२ पासूनच संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३० व्या कलमात आहे. पण ही तरतूद किती जणांना ठाऊक असेल?

१९८९ साली परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही, वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणे हाताळणाऱ्या दूरच्या रुग्णालयात न्यायला सांगितले आणि वाटेतच त्याचा मृत्यू झाला, अशी ती बातमी होती. आधी जीव वाचवा, कायद्याचे सोपस्कार नंतर, असे न्यायालयाने बजावले. तो निकाल डॉक्टरांसाठी होता. वाटेवरच्या मदतनीसाला संरक्षण मिळाले ते २०१६ साली, जेव्हा न्यायालयाने केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केले. रस्ते अपघातातील जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला थांबवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत, आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून या संरक्षणाला संसदेने कायद्याचे बळ दिले. २०२१ मध्ये अशा मदतनीसाला पाच हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले आणि नंतर ही रक्कम वाढवण्यात आली. अ‍ॅमस्टरडॅमचे सहा डुकाट आपल्याकडे पोहोचायला अडीचशे वर्षे लागली.

वर्गात काय करता येईल?

हा विषय केवळ वाचून सोडण्यासारखा नाही. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालू नसेल, तर प्रथम १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. मग त्याला कठीण पृष्ठभागावर उताणे ठेवून, छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग टेकवायचा, त्यावर दुसरा हात ठेवायचा आणि कोपरे ताठ ठेवून दाबायचे. मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर येऊ दिली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०. शिक्षण घेतलेल्याने दर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. बुडालेल्याला आणि लहान मुलांना श्वासाची विशेष गरज असते. शिक्षण नसेल तर नुसते दाबत राहणे हेही काही न करण्यापेक्षा पुष्कळ चांगले.

मुलांनी एकमेकांच्या छातीवर हा सराव मुळीच करू नये. त्यासाठी घट्ट उशी घ्यावी. वेग साधण्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. तीस सेंटिमीटर लांबीचा लंबक टांगा. त्याचा आवर्तकाल सुमारे १.१ सेकंद येतो. लंबक प्रत्येक टोकाला पोहोचताच एक दाब द्यायचा. म्हणजे मिनिटाला साधारण १०९ दाब होतात. नववीच्या मुलांना सूत्रावरून हे गणित करायला लावावे आणि मग घड्याळावर पडताळून पाहावे.

दोन मिनिटे असे दाबत राहिले की धट्टीकट्टी मुलेसुद्धा दमतात आणि दाब उथळ होऊ लागतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. तीन-तीन मुलांचे गट करावेत. एकाने दाबावे, दुसऱ्याने मोजावे, तिसऱ्याने फोन कसा करायचा आणि पत्ता नेमका कसा सांगायचा याचा सराव करावा. मग पाळी बदलावी. एका तासिकेत वर्गातील प्रत्येक मुलाची तिन्ही कामे करून होतात.