तास संपतो, शंका राहतात

१९१९ साल आपल्या भागासाठी मोठं. त्याच वर्षी सांगलीत डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं विलिंग्डन कॉलेज निघालं आणि कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ ला अण्णांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं. ‘कमवा आणि शिका’मधली पोरं राबत राबत पदवीधर झाली. शिक्षण म्हणजे नुसतं फळ्यापुढचं व्याख्यान नव्हे, हे साताऱ्यानं तेव्हाच दाखवलं.

आज कितीतरी कॉलेजं तासिका तत्त्वावर चालतात. मानधन फक्त घेतलेल्या तासाचं. नोट्स सांगून झाल्या की प्राध्यापक पुढच्या कॉलेजाकडे पळतात. पोरांच्या शंका तशाच राहतात. दोष त्यांना कसा द्यायचा? माझं म्हणणं एवढंच: अण्णांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांनी आधी रिकाम्या जागा भराव्यात.